‘वरीलप्रमाणे’ नावाचं गाव

सत्तरीला टेकल्यावर आमचे नाना एक्सेल शिकले. शिकवलं मीच, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? जळगावात माझा छोटासा कॉम्प्युटर क्लास आहे. नाना, म्हणजे माझे वडील, चार दिवस राहायला आले की सकाळच्या बॅचला मागच्या खुर्चीवर बसायचे आणि कॉलेजच्या मुलींच्या आधी हात वर करायचे. सगळी नोकरी त्यांनी धरणगावात एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कारकून म्हणून काढली. अक्षर मोत्यासारखं, शिस्त कडक, आणि आपल्या पद्धतीवर विश्वास असा की बोलायची सोय नाही.

गेल्या हिवाळ्यात जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्याने मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर ठेवलं. गावोगावच्या मंडळींनी नावं गोळा करून फाइली पाठवायच्या आणि मी त्या सगळ्या जोडून एकच यादी करायची, असं ठरलं. धरणगावचं काम अर्थातच नानांनी ओढून घेतलं. आणि मी हे फुकटचं दुखणं अंगावर घेतलं ते अक्कासाठी.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्या धरणगावच्या घरी, नानांकडेच असते. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलेला, डावा डोळाही त्याच वाटेवर. आता आणखी थांबलात तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण ऐकेल ती अक्का कसली! दर वर्षी नवं कारण. एकदा ऊन फार, एकदा घरात लग्न, आणि काहीच नसलं तर, “मना डोया शे, मी देखसू काय करानं ते.” या वेळी मात्र ती हो म्हणाली. अट एकच. समोरच्या चाचीचंही ऑपरेशन त्याच दिवशी, शेजारच्या खाटेवर व्हायला हवं.

चाचीचं घर आमच्या दारासमोर आहे. तिचे मियाँ कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा धुळ्याला यंत्रमागावर कामाला, सवड मिळेल तसा येतो. रोज दुपारी दोघी आमच्या ओट्यावर चहा घेऊन बसतात आणि गल्लीतल्या एकेकाची हजेरी घेतात. भांडतातही. चाचीचा डोळाही अधू होता, पण तिला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती सगळी अक्काला. मला पक्कं माहीत होतं की या वेळी काही बिनसलं आणि अक्काला “नाही” म्हणायला एवढीशी फट मिळाली, तर ती पुन्हा म्हणून तयार होणार नाही. डोळा गेला तरी चालेल म्हणेल.

फाइली यायला लागल्या आणि माझं डोकं उठलं. सावद्याची फाइल जुन्या टायपिंगच्या फॉन्टमधली. माझ्याकडे उघडली तर रुग्णांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. तिथल्या भाऊंना फोन केला तर म्हणाले, “ताई, माझ्याकडे तर एकदम छान दिसतंय.” तुमच्याकडे दिसणारच हो! दीपनगरची फाइल तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या एका निवृत्त साहेबांनी केलेली. रंगीबेरंगी, देखणी, आणि वर पासवर्ड. पासवर्ड मागितला तर म्हणे रुग्णांची माहिती गुप्त ठेवावी लागते. अहो, पण मला तरी उघडू द्या की! कोणी वयाच्या जागी जन्मसाल घातलेलं, कोणी “अंदाजे साठ”, आणि एका बहाद्दराने नाव, गाव, वय, फोन सगळं एकाच खान्यात कोंबलेलं. फोन करकरून एकेक निस्तरलं.

या सगळ्या गोंधळात नानांची फाइल उघडली आणि जीव थंडावला. सरळ कॉलम, वर मथळे, एक नाव इकडचं तिकडे नाही. पहिल्या ओळीत अक्का, थोरलेपणाच्या मानाने. ही फाइल काय तपासायची, म्हणून मी ती तशीच मोठ्या यादीत चिकटवली. दवाखान्याला वयाप्रमाणे यादी हवी होती, ती लावली. मग रुग्णांना आणायला दवाखान्याची गाडी गावोगाव जाणार होती, तिच्यासोबतच्या माणसासाठी एकेका गावाची यादी वेगळी काढून पाठवून दिली, आणि स्वतःसाठी आलं घालून चहा केला. झालं एकदाचं, म्हटलं.

गाडी धरणगावला पोहोचली त्या सकाळी मी क्लासची झाडलोट करत होते, तेवढ्यात नानांचा फोन आला. आवाज चढलेला.

“चाचीचं नाव नाही यादीत! काय करून ठेवलंस तू?”

अक्का पुढच्या सीटवर बसलेली होती. चाची पिशवी घेऊन चढायला लागली, तर गाडीसोबतच्या माणसाने तिला अडवलं. नाव नाही तर केसपेपर नाही, केसपेपर नाही तर खाट नाही. त्याचंही बरोबर होतं. गल्लीतल्या आणखी दोन बायकांची नावं नव्हती. त्यांचे नवरे गाडीत बसलेले आणि या खाली. “जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू,” म्हणून दोघी घराकडे वळल्यासुद्धा होत्या. अक्का मात्र उठली, आपली पिशवी घेतली आणि चाचपडत पायऱ्या उतरून चाचीशेजारी रस्त्यावर येऊन उभी राहिली.

“ती नई येत ते मी बी नई,” एवढंच बोलली. फोनमधून मला ते स्वच्छ ऐकू आलं.

मी धावत कॉम्प्युटर सुरू केला. मोठ्या यादीत चाचीचं नाव शोधलं, तर होतं की! वय बरोबर, डोळा बरोबर. पुढे गाव या खान्यात लिहिलेलं: वरीलप्रमाणे. पत्ता: वरीलप्रमाणे. फोन: वरीलप्रमाणे. आणि वयाप्रमाणे यादी लावल्यामुळे तिच्या वर आता अक्काऐवजी सावद्याचे एक आजोबा येऊन बसले होते. म्हणजे कागदोपत्री चाची सावद्याची. गावांची नावं काढून पाहिली तर दीपनगर, धरणगाव, मग वरीलप्रमाणे, मग सावदा. आमच्या जिल्ह्यात ‘वरीलप्रमाणे’ नावाचं एक नवंच गाव वसलं होतं आणि तिथे राहायला तीन बायका. त्या गावाला गाडी कोण पाठवणार?

“नाना, हे वरीलप्रमाणे काय लिहून ठेवलंय?”

“मग काय लिहायचं? एका घरातल्या माणसांचा तोच तो पत्ता पुन्हा पुन्हा कोण लिहितं? आम्ही जिनिंगला चाळीस वर्षं असंच लिहीत आलो.”

“अहो, ते वहीत! वहीतल्या ओळी जागच्या हलत नाहीत. इथे वरचा माणूस उठून गेला की खालच्याला ना गाव, ना घर!” मी चांगलीच तापले होते. “आणि चाची काय आपल्या घरात राहते?”

नानांचा चढलेला आवाज खाली आला.

“फोन तिला आपलाच,” नाना म्हणाले. “दुपारी असते ती आपल्याच ओट्यावर. वेगळं लिहायचं माझ्या डोक्यातच नाही आलं, बाई.”

खरं सांगते, भांडायला माझ्याकडे आणखी बरंच होतं, पण मी मूळ फाइल शोधायला घेतली.

नशीब, ती व्हॉट्सअॅपवर तशीच होती. आलेली फाइल पुसायची नाही, जोडकाम नेहमी वेगळ्या प्रतीत करायचं, ही एक गोष्ट मी पोरांना ओरडून ओरडून सांगते. ती आज माझ्याच कामी आली. मूळ फाइलमध्ये तिघींच्या वर कोण होतं ते पाहून तिथलं गाव, पत्ता आणि फोन मोठ्या यादीत भरले, धरणगावची यादी पुन्हा काढली आणि दवाखान्यात शिबिराचं काम पाहणाऱ्या बाईंना पाठवली. मग त्यांना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा दुसरंच कोणीतरी उचललं. तिकडे गाडीवाला हॉर्न वाजवतोय, नाना त्याला चहाचा आग्रह करून थांबवतायत, आणि मी इकडे घामाघूम.

शेवटी बाई फोनवर आल्या. त्यांनी यादी उघडली, खाली-वर पाहिली.

“तीन नावं वाढलीत ना? खाटा आहेत. आधार कार्ड घ्यायला सांगा आणि बसवा गाडीत.”

एवढंच! मी त्यांचे आभार मानले की नाही, तेही आठवत नाही. खुर्चीत बसले आणि मोठ्याने हुश्श केलं. डोळे भरून आले. थोड्या वेळाने नानांनी कळवलं की गाडी निघाली. घराकडे वळलेल्या दोघींना अक्कानेच हाका मारून परत बोलावलं आणि आपल्या मागच्या सीटवर बसवलं. मग मला आठवलं की नानांवर अजून नीट चिडून झालेलं नाही. चूक कोणाची, यावर आमचं आजही एकमत नाही. ते म्हणतात ओळी हलवल्या कोणी? मी म्हणते लिहिलं कोणी? पण त्या दिवशी मला चूक कोणाच्याही पदरात घालायची नव्हती, इतकं मोकळं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढायच्या वेळी मी दवाखान्यात गेले. दोघी शेजारशेजारच्या खाटांवर पाय खाली सोडून बसल्या होत्या. नर्सने आधी चाचीची पट्टी काढली, मग अक्काची, थेंब घातले, हळूहळू डोळे उघडा म्हणाली. अक्काने डोळा उघडला, दोनतीनदा मिचकावला. मला वाटलं माझ्याकडे बघेल. मी पुढेही सरकले. तिने मान वळवली ती चाचीकडे, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

“कितली म्हतारी व्हई गयी वं तू!”

“आनि तू काय तरनी शेस?” चाचीने ताडकन परतवलं.

सगळा वॉर्ड हसला. नर्स ओरडली, आजी, हसू नका, डोळ्याला ताण येतो. अक्काचं हसू मात्र लवकर ओसरलं. तिने हात पुढे करून चाचीच्या गालाला बोटं लावली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की किती वर्षांत तिला चाचीचा चेहरा दिसलाच नव्हता. रोज ओट्यावर बसून ती नुसत्या आवाजाशी बोलत होती. सांगितलं असतं तर चाची उगाच जिवाला लावून घेईल, म्हणून बोलली नाही.

चाचीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मी बी,” ती म्हणाली.