कुंपणापलीकडची कबर

सुकापूरच्या आमच्या सोसायटीचं गेट दिसलं की अजून माझं डोकं फिरतं. तिथे एक म्हातारा पठाण हिंग विकायला यायचा. आधी चिमूटभर हिंग गिऱ्हाइकाच्या तळहातावर चोळायचा आणि म्हणायचा, "वास घ्या, ताई." नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा सेक्रेटरीकाकांनी त्याला अडवलं. "तू पाकिस्तानचा का अफगाणिस्तानचा? येक काय ते सांग, नायतर आत सोडनार नाय."

"इंग्रजाने नकाशावर रेघ मारली, आमच्या गावातून," तो सावकाश म्हणाला. "आता तिथे तारेचं कुंपण आहे. घर अलीकडे, आजीची कबर पलीकडे. मी कुठला, तुम्हीच सांगा."

काकांचं स्वतःचं गाव विमानतळात गेलेलं. आईला अग्नी दिला ती जागा धावपट्टीखाली गेली, हे ते दर मीटिंगला ऐकवतात.

मी भडकले. "काका, तुमच्या आईच्या जागेवरून विमानं पळतात, आणि तुम्ही याला गाव विचारता?"

पठाणाने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पसरले आणि काकांच्या आईसाठी दुआ मागितली.

काकांनी ती संपेपर्यंत वाट पाहिली आणि त्याला बाहेरच ठेवून गेट लावून घेतलं.