भिंतीपासून चार फूट दोन इंच

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आणि हजारो मुलांना एकच गोष्ट घोकवली : कुठून मोजायला सुरुवात केलीत, ते आधी लिहा. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे गुण कापले, रडारड झाली तरी कापले. त्यातलं एखादं कार्टं घरातली भिंत पाडली त्या आठवड्यात डोकावलं असतं, तर त्याला सगळा सूड फुकटात मिळाला असता.

घर बाईंच्या सासऱ्यांनी बांधलेलं. स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यामध्ये एक भिंत, आणि दोन्ही खोल्या इतक्या चिंचोळ्या की एक जण वाकला की दुसऱ्याने बाहेर जायचं. भिंत पाडून एकच ऐसपैस खोली करायची आणि खचलेला ओटा नव्याने बांधायचा, असं बाईंनी ठरवलं. कारण पुढे केलं ते नवऱ्याचं. त्यांची नजर सहा वर्षं उतरत उतरत आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच सांगायची.

"तुम्ही आपटाल एखाद्या दिवशी," बाई म्हणाल्या.

ते एकदाही आपटले नव्हते. आपटायच्या बाई, कारण त्यांना सदा घाई. पण स्वतःच्या सोयीला दुसऱ्याचं नाव द्यायला काही शिकावं लागत नाही.

नवऱ्याने उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली होती. केसाएवढे स्क्रू फिरवणाऱ्या त्या हातांना आता एकच काम उरलं होतं : सकाळचा चहा. दोघांचा. तो दुसऱ्या कुणालाही करू देत नसत.

"भिंत पाड, छप्पर पाड," ते म्हणाले, "पण चहा मला करता आला पाहिजे. नाहीतर मग मला खुर्चीत बसव आणि चमच्याने भरव, म्हणजे एकदाचं झालं."

"अहो, सगळं जिथल्या तिथे ठेवीन. एक इंच हलणार नाही. भूमिती माझा विषय आहे."

तीन दिवस बाई टेप घेऊन मोजत होत्या. भिंतीपासून शेगडी चार फूट दोन इंच. भिंतीपासून नळ सात फूट. भिंतीपासून डब्यांची फळी अमुक, कपांचे खिळे तमुक. आलेखाच्या कागदावर आकृती काढली, तीन रंगांत. गवंडीदादांनी कागद उभा धरला, आडवा धरला आणि घसा खाकरला.

"बाई, एक विचारू?"

"नंतर विचारा. आधी घण उचला."

दोन दिवसांत भिंत गेली, ओटा गेला, राडारोडा पोत्यांत भरून गाडीतून गेला. मोकळ्या खोलीत गवंडीदादा टेप धरून उभे राहिले.

"कुठून मोजू?"

"भिंतीपासून. लिहिलंय ना मोठ्या अक्षरांत?"

"कुठल्या भिंतीपासून?"

बाईंनी तोऱ्यात बोट दाखवलं. बोटासमोर कोठीची खिडकी होती, आणि मध्ये नुसती हवा.

"ती काल गाडीत बसून गेली बाई. तेच तर विचारत होतो."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाईंना हसू आलं, आणि ते तोंडावर पोचायच्या आतच नवरा दारात आला. सवयीने त्यांनी डावा हात पुढे केला. त्या भिंतीला हात लावून सात पावलं चाललं की उजवीकडे शेगडी, हा त्यांचा रस्ता. बाईंनी डबे मोजले, खिळे मोजले. नवरा कशाला धरून चालतो, ते पाहिलंच नव्हतं. हात हवेत इकडेतिकडे फिरला, मग खाली आला.

"छान मोठी झाली की खोली," ते म्हणाले. आणि वळून जाऊन खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर तात्पुरती शेगडी मांडलेली असूनही ते उठले नाहीत. "आज तूच कर," म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते वाक्यही म्हणाले नाहीत. बाईंनी केलेला चहा त्यांनी मुकाट प्यायला. एवढ्या वर्षांत बाईंच्या चहाला नाव न ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतःच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, चपला काढल्या आणि मोकळ्या खोलीत शिरल्या. तिसऱ्याच पावलाला अंगठा कशात तरी अडकला आणि बाई सिमेंटच्या घमेल्याला मिठी मारून बसल्या.

"आंधळी कोशिंबीर का, बाई?" दारातून गवंडीदादा म्हणाले.

"हसू नका. हे काय आहे खाली?"

"भिंतीची खाच. भिंत आधी, फरशी नंतर, म्हणून तिच्या जागी फरशी नाही. आज बुजवून एकसारखी करतो, तुम्हीच सांगितलंय."

बाईंनी खाचेत पाय घातला. दारापासून थेट पलीकडे, सरळ रेषेत.

"बुजवू नका! खडबडीत दगडाची पट्टी बसवा. पायाला कळली पाहिजे. आणि मोजायचं ते इथून."

"नवीन घर करताय की जुनं?"

"तुम्हाला काय करायचंय? आणि दादा, पुढच्या वेळी मी गप्प बसा म्हटलं, तरी विचारा."

"तेवढी हिंमत कुणाची?" गवंडीदादा म्हणाले, आणि टेप घेऊन खाचेशी बसले.

ओटा झाला, वाळला. नवरा अनवाणी दारात उभा राहिला. बाईंनी त्यांचा पाय पट्टीवर टेकवून दिला.

"आता तू बाहेर बस."

"मी नुसती..."

"बाहेर."

बाई बाहेर बसल्या. पावलं ऐकू आली : चार, पाच, मग काहीच नाही. जिभेच्या टोकाशी आलेलं 'अजून दोन' त्यांनी दातांखाली धरलं. एवढं कठीण काम त्यांनी नोकरीतसुद्धा केलं नव्हतं. मग नळ वाहिला. भांडं आदळलं, एक शिवी ऐकू आली. बऱ्याच वेळाने चहाचा वास आला.

"ये आता," आतून हाक आली. "ओटा दोन बोटं उंच केलायस."

"ओट्यावरच्या नव्या दगडाची जाडी धरायची राहिली," बाई म्हणाल्या. "जमेल का?"

"आज निम्मं दूध सांडलं." त्यांनी कप पुढे सरकवला. "उद्या कमी सांडेल."