टिकारामने आवळलेले नट

टिकारामचे मला आधी नुसते पाय दिसले. १९७८ साली माझी बदली मोहाडीला झाली. शेजारच्या अंगणात एक जुनी काळी मोटार उभी होती आणि तिच्याखालून ते पाय बाहेर आले होते. जवळच खाटेवर त्याची बायको दुर्गाबाई भाजी निवडत होती. मी थबकलो तशी म्हणाली, "घाबरू नका गुरुजी, जिता आहे."

टिकाराम हातमागावर लुगडी विणायचा. मोटार एका मालगुजार जमीनदाराच्या गोठ्यात पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत. टिकारामने ती बैल जुंपून घरी आणली, दुर्गाबाईसाठी. तापानंतर तिचा एक पाय लुळा पडला होता. एकदा चार माणसांनी तिला उचलून एस.टी.त चढवलं, तेव्हापासून तिने माहेरी, एकोडीला जायचं नाव सोडलं. तिकडे म्हातारी आई वाट पाहत होती.

इंजिन टिकारामने स्वतःच खोललं, स्वतःच बसवलं. आईसाठी विणलेलं लुगडं मांडीवर घेऊन दुर्गाबाई निघाली. वाटेतलं वरठी गाव यायच्या आधीच इंजिनातून वाफ उसळली. बैलगाडीमागे मोटार बांधून दोघं परतली.

"तुमची मोटार तं माह्यापेक्षा लंगडी निघाली जी!"

"हासून घे. गास्केट खराब होतं."

इंजिनाच्या दोन भागांमध्ये दाबून बसवायचं ते पातळ गास्केट त्याने नवं घातलं, वरचे नट आणखी जोराने आवळले. पुन्हा तेच झालं. या वेळी दुर्गाबाई हसली नाही. लुगडं पेटीत ठेवत म्हणाली, "राहू द्या जी आता."

टिकाराम मागावर बसेना. मग एका सकाळी त्याने मला हाक मारली. जळालेली दोन्ही गास्केटं ओसरीवर शेजारी शेजारी मांडली होती. दोन्ही एकाच टोकाला फाटली होती.

"माही आदत नडली, गुरुजी. लुगडं एका टोकाकून विनत जातो ना, तसेच नट बी आवळत गेलो. इकडची बाजू दबली, तिकडची उचलली."

तिसऱ्यांदा त्याने मधल्या नटांपासून सुरुवात केली. थोडं इकडे, थोडं तिकडे, हात आवरून. दुर्गाबाई यायलाच तयार नव्हती.

"वरठीवरी तं चाल," तो म्हणाला.

मागच्या सीटवर मी होतो, वेळ आलीच तर ढकलायला. वरठी गेली, भंडारा गेलं, साकोली गेली. एकोडीत मोटार दारासमोर थांबली तशी म्हातारी डोळ्यांवर हात धरून बाहेर आली.

"कोन्या सायबाची व मोटार?"

"तुह्या जावयाची," दुर्गाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

पुढे म्हातारीला एकटं ठेवणं जड जाऊ लागलं, तशी दोघं माग घेऊन तिकडेच गेली. म्हातारी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. टिकाराम आणि दुर्गाबाई एकोडीतच राहतात. तो गावातले पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि दुपारी जेवायला घरी येतो.