ऑर्फा मावशीचा पाव

ऑर्फा मावशीचा खोकला काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. दोन आठवडे होत आले. पासष्टी ओलांडलेल्या छातीत डांग्या खोकला मुरला तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही, आणि ती डॉक्टरला जवळ फिरकू देत नाही.

खोकला तिला कुठून लागला हे आमच्या गावात कुणीही सांगेल. गेली पंचेचाळीस वर्षं टेनेसीच्या या डोंगरातलं प्रत्येक खोकणारं पोर तिच्या स्वयंपाकघरात आणलं जातंय. ती माहेरची स्टॅम्पर आणि सासरचीही स्टॅम्परच. नवरा पलीकडच्या खोऱ्यातला, नातंगोतं काही नाही. लग्न होऊनही जिचं आडनाव बदललं नाही, तिच्या हातचा पाव खाल्ला की डांग्या खोकला जातो, असं आमच्याकडे मानतात. मात्र पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. मानले तर गुण जातो.

१९११ साली तिचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी एक बाई पोर घेऊन दारात उभी. मावशीनं तोवर पाव कधी भाजलाच नव्हता. झाला तो असा, की दाराला अडकण म्हणून लावावा. तरी पोर बरं झालं. दुसरा तुकडा खावा लागेल या धास्तीनं बरं झालं, असं तिचा नवरा व्हर्जिल शेवटपर्यंत सांगायचा. पुढे तिचा हात बसला. पावावरच्या सफरचंदाच्या मुरंब्यासाठी धडधाकट पोरंही दारात येऊन खोकू लागली. खोटा खोकला तिला लगेच कळायचा. तुकडा मात्र ती सगळ्यांना द्यायची, खोट्याला जरा लहान. खाल्लं की पोरं अवाक्षर न काढता धूम पळायची. एकदा नवे पाद्री सवयीनं आभार मानून बसले, तर तिनं त्यांना पुन्हा खुर्चीत बसवून दुसरा तुकडा खायला लावला.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले. मागच्या हिवाळ्याआधी शाळेच्या पालकसभेत उभी राहून मी सांगितलं, की गळ्यात हिंगाची पुरचुंडी बांधून किंवा कुणाच्या हातचा पाव खाऊन जंतू मरत नाहीत, पोरांना लस टोचून घ्या. पहिल्या रांगेत ऑर्फा मावशी बसली होती. सगळ्यांत आधी टाळ्या तिनंच वाजवल्या. निघताना माझा दंड धरून म्हणाली, "छान बोललीस गं. लस टोच, वर पावही दे. पोरांच्या पोटात जागा असते."

आज दुपारी सूप घेऊन तिच्याकडे गेले. डॉक्टरांना येऊ दे म्हणून किती विनवलं.

"येऊ दे की," ती म्हणाली. "पण आधी पाव."

"मग खा ना. टेबलावर अख्खा पडलाय."

"आपल्या हातचा आपल्याला लागू पडत नाही, बाई. एवढी शिकलीस आणि हे ठाऊक नाही?"

आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पंचक्रोशीत आडनाव न बदललेली दुसरी एकच बाई आहे. मी जेन्ट्रींची मुलगी, आणि लग्नही एका जेन्ट्रीशीच केलं. बारा वर्षांत पाव मागायला आलेल्या प्रत्येकाला मी गोड बोलून परत पाठवलंय.

"मावशी, मी भर सभेत काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलंय."

"म्हणून तर मजा येईल," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला अशी उबळ आली की ओठ निळे पडले. मी तिची पाठ धरून बसले. तिचा श्वास परत आल्यावरच उठले.

घरी येऊन कणीक मळायला घेतली तसा माझा नवरा डेल खो खो हसत सुटला. ईस्टरला केलेला माझा पाव कुत्र्यानं हुंगून परसात पुरला होता, याची त्यानं आठवण करून दिली. आत्ता पाव भट्टीत आहे. एका बाजूनं जास्तच फुगलाय, पण वास चांगला सुटलाय.

आमच्या टेलिफोनच्या तारेवर सहा घरं आहेत. कुणाचीही घंटी वाजली की सहाही जण कान लावतात. पावाचं बोलले, तर उद्या सकाळी माझ्याही दारात पोरं खोकत उभी राहतील. राहू देत. लसीची तारीख सांगेन आणि तुकडा देईन. मावशीला आत्ताच कळवते की सकाळी पाव घेऊन येतेय आणि डॉक्टर माझ्याबरोबरच आत येतील. ऐकणाऱ्यांनी खुशाल ऐकावं, म्हणून जरा मोठ्यानंच बोलणार आहे.