बास म्हणजे पुरे

भजनी मंडळाच्या बायकांना घेऊन एकाच गाडीने वर्षानुवर्षे हिंडले, की डिकीत सतरंज्यांबरोबर किस्सेही साठतात. सतरंज्या झटकता येतात. आमच्या भिंगारच्या मंडळाचे अलीकडचे सगळे किस्से एका स्पीकरपाशी येऊन थांबतात. म्हणून ते ओळीने सांगते.

*

ढोलकी सिंधूताईंची. पण त्यांना ऐकू येणे कमी होत गेले आणि ठेका सुटू लागला. कानाचे यंत्र लावून पाहिले. त्यात माणसांऐवजी भांडीच ऐकू येतात, म्हणून ते त्यांनी डबीत ठेवून दिले. मंडळाच्या प्रमुख मालतीबाई म्हणाल्या, "कर्जतच्या कार्यक्रमाला ढोलकी मी घेते. सिंधू नुसती बसू दे."

सिंधूताईंना ते ऐकू आले नाही. ओठांवरून कळले. त्यानंतर त्यांनी ढोलकीला हात लावला नाही.

*

एकदा गाडीत भजन लागले असता मागच्या सीटवर त्यांचे बोट हलताना मी पाहिले. कानाशी जाऊन विचारले, "ऐकू येतंय?"

"ऐकू न्हाई. बुडाला कळतंय. पण लई बारीक."

शब्द त्यांचा आहे. मी तो तसाच ठेवला आहे. डिकीत, सीटच्या पाठीमागे, गाडीबरोबरच आलेला एक छोटा सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर आहे, हे मला त्या दिवशी कळले.

*

मी नगरला युनूसभाईंच्या स्पीकरच्या दुकानात जाऊन सगळे सांगितले. ते म्हणाले, "आज्जी, बास वाढवायचाय का?"

"बास म्हणजे पुरे. पुरे कसे वाढवणार?"

ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या दुकानात पुरे कुनी म्हनतच न्हाई."

बास म्हणजे खर्ज, हे त्यांनी मग समजावले. मी मोठा सबवूफर घेतला.

*

वायरी दोनच होत्या आणि मी जुनी मॅट्रिक. सून अर्चनाला विजेरी धरायला लावून मी त्या घरीच जोडल्या. खर्ज होता तोही गेला!

युनूसभाईंनी येऊन पाहिले. "प्लस-मायनस उलटं झालंय. दारातले स्पीकर हवा पुढं ढकलत्यात, ह्यो मागं वढतोय."

मालतीबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मंडळासारखं."

*

वायरी सरळ झाल्यावर पहिल्याच भजनाला डिकीतून किणकिण ऐकू येऊ लागली. अर्चनाने गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली. पिशवीतले टाळ आपोआप वाजत होते. मालतीबाई वाकून पाहत म्हणाल्या,

"आता आपण घरी बसलो तरी चालेल."

*

कर्जतच्या वाटेवर अर्चना गाडी चालवत होती. शेजारी मालतीबाई मांडीवर ढोलकी घेऊन लावलेल्या भजनाबरोबर सराव करत होत्या. मागे माझ्याशेजारी सिंधूताई सीटला पाठ घट्ट टेकवून, डोळे मिटून बसल्या होत्या. तळहात गुडघ्यावर पडत होता, ठेक्याला ठेका.

मध्येच त्यांनी डोळे उघडले. मालतीबाईंच्या हाताकडे काही वेळ पाहिले आणि पुढे वाकल्या.

"मालती, सम चुकली."

मालतीबाईंचा हात थांबला. अर्चना आवाज कमी करू लागली, तर त्या म्हणाल्या, "राहू दे." आणि मागे न बघताच त्यांनी ढोलकी दोन सीटांमधून आमच्याकडे सरकवली.

सिंधूताईंनी ती मांडीवर घेतली. कातड्याच्या पानावर तळहात ठेवला, बोटाने दाबून पाहिले.

"दोरी कुनी सैल केली गं?"