होयाचं स्वयंपाकघर

मला राग लवकर येतो. माहेरी आणि सासरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. सेंदाईत मात्र ते कळायला बराच वेळ गेला, कारण जपानीत नीट रागावता येईल इतकी ती भाषाच मला येत नव्हती. येऊ लागली तेव्हा मी प्रांताच्या एका सरकारी केंद्रात कंत्राटी नोकरीला लागले होते, आणि रागावण्यासारखं तिथे पुष्कळ होतं.

नवरा इथल्या विद्यापीठात संशोधक. मी त्याच्यामागून आले आणि ठाण्यात शिकलेलं फूड टेक्नॉलॉजी कपाटात ठेवून दिलं. मुलगी शाळेत जाऊ लागली तशी मीही भाषा शिकायला बसले. त्सुनामीला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. किनाऱ्यावर उंच भिंत बांधून होत आली होती, आणि भिंतीच्या आत राहून लोकांनी करायचं काय, असा प्रश्न होता. आमचं केंद्र त्यासाठीच होतं. त्याच्या नावात 'इनोव्हेशन' होतं. मराठीत त्याला नवोन्मेष म्हणतात हे मी शोधून काढलं आणि कौतुकाने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "हे एखाद्या दिवाळी अंकाचं नाव वाटतंय."

आमचे विभागप्रमुख म्हणजे काचो. इथे ऑफिसात साहेबाला पदानेच हाक मारतात, म्हणून मीही त्यांना काचोच म्हणे. सज्जन माणूस. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला 'नाही' म्हटलं नाही. नाही म्हणायचं असलं की मान तिरकी करून दातांमधून श्वास आत ओढायचे आणि म्हणायचे, "थोडं कठीण आहे."

त्या वर्षी प्रांताने युरोपच्या उत्तरेकडच्या देशांचं एक धोरण उचललं. स्मार्ट स्पेशलायझेशन. साध्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक प्रदेशाने सगळ्यांच्या मागे धावू नये. आपल्याकडे जे आहे आणि इतरांकडे नाही ते शोधावं, आणि त्यावरच जोर लावावा. शिवाय ते ऑफिसात बसून ठरवू नये. मच्छीमार, कारखानदार, शिक्षक, विद्यार्थी सगळ्यांना बोलावून त्यांचं ऐकावं. हे वाचून मला खरंच आनंद झाला.

मग मी आमचा मसुदा वाचला. प्रांताची बलस्थानं तीन: समुद्रावरच्या पवनचक्क्या, म्हाताऱ्यांची देखभाल करणारे रोबो आणि लाकडापासून इंधन. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे अशा तीन देशांच्या अहवालांतून एकेक घेतलेलं. कुणाची नक्कल करू नका असं सांगणाऱ्या धोरणाचीच आम्ही नक्कल केली होती.

आणि त्यात होया कुठेच नव्हता.

होया हा समुद्रातला एक जीव. मुठीएवढा, नारिंगी, अंगावर गाठी गाठी. दिसायला असा की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. चव खारट, कडवट, तुरट, सगळी एकदम. पण खाऊन वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं, आपल्याकडे आवळ्यावर लागतं तसं. हा इथल्या किनाऱ्यावर भरपूर पिकतो. पूर्वी त्यातला बराचसा शेजारच्या देशात जायचा. अणुभट्टीच्या अपघातानंतर त्यांनी तो घेणं बंद केलं, आणि वर्षानुवर्षं दोरांवर वाढवलेला होया टाकून द्यायची पाळी आली. सेंदाईच्या दुकानांत त्याला फारसं कुणी विचारेना. पिकतं तिथे विकत नाही ते हे असं.

किनाऱ्यावरच्या एका बंदरगावात मदतीतून उभारलेलं एक सामायिक स्वयंपाकघर होतं. स्टीलची टेबलं, झटपट गोठवणारं यंत्र, पाकिटं बंद करायचं यंत्र. गावातल्या बायका तिथे होया सुकवून, धुरी देऊन, मुरवून नवे पदार्थ करून बघायच्या. त्यांची प्रमुख साठी ओलांडलेली, रुंद हाडाची, फटकळ बाई. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणे. केंद्राच्या कामासाठी म्हणून मी तिथे गेले, आणि कपाटातलं शिक्षण बाहेर काढून कधी त्यांच्यातली होऊन बसले ते कळलंच नाही. घरी आले की मुलगी नाक दाबून "कुसाई" म्हणायची. वास येतो म्हणजे.

त्या स्वयंपाकघराची मुदत मार्चअखेर संपत होती. पुढची मदत फक्त निवडलेल्या बलस्थानांना मिळणार. होया मसुद्यात नाही, म्हणजे एप्रिलपासून दाराला कुलूप.

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरून एक तज्ज्ञ बाई येणार होत्या. त्यांची एकच अट होती: लोकांची खुली सभा हवी. लोक कागदाच्या चिठ्ठ्यांवर आपापलं मत लिहितील आणि भिंतीवर लावतील. दुभाषी मी. सभेच्या काही दिवस आधी काचोंनी माझ्यासमोर एक खोका ठेवला. आत चिठ्ठ्या होत्या, आधीच लिहिलेल्या. वारा, रोबो, लाकूड. ऑफिसातल्या नव्या मुलांनी वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेल्या. एकीत तर मुद्दाम खाडाखोडसुद्धा केलेली.

"लोकांना सुचलं नाही तर पंचाईत नको," काचो म्हणाले. "तुम्ही दारात हळूच वाटा."

मी म्हटलं, "मी वाटणार नाही."

काचोंनी श्वास आत ओढला. "थोडं कठीण आहे."

"मग वाटायला दुसरं कुणीतरी बघा. भाषांतर मी करीन, हे करणार नाही."

हात दाखवून अवलक्षण, असं घरी नवरा म्हणाला. माझा करार मार्चमध्येच संपत होता. पण खोका मी टेबलाच्या खालच्या खणात सारला, आणि कुणी तो परत मागितला नाही. मागणं म्हणजे भांडणं, आणि भांडण तिथे कुणालाच नको होतं.

आता हे समजून घ्यायला हवं की जपानी सभेत काही ठरत नाही. ठरायचं ते आधीच ठरतं. एकेकाला वेगळं गाठून, चहा पीत, हळूहळू त्याचं मन वळवायचं. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात तसं. सभेत मग सगळे मान डोलावतात, आणि तिथे विरोध करणं हे वाईट संस्कारांचं लक्षण. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीचंही तेच असतं. आयांनी आतल्या खोलीत सगळं आधीच उरकलेलं असतं. मी ठरवलं, ऑफिस करतं तेच आपण करायचं. सुट्टीच्या दिवशी बस पकडून मी एकेकाकडे गेले. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, शाळेच्या शिक्षिका, शीतयंत्रं दुरुस्त करणारा कारखानदार. प्रत्येकाला सांगितलं, "मसुद्यात तीनच गोष्टी आहेत. तुम्हाला चौथी वाटत असेल तर त्या दिवशी लिहा." प्रत्येकाने विचारलं, "बाकीचे काय म्हणतात?" मी खरं तेच सांगितलं, "बाकीचेही हेच विचारतात."

काचोंकडेही गेले. लपवाछपवी मला जमत नाही. सोबत धुरी दिलेल्या होयाची बशी नेली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी खात नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, बघा, खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला हवं आणि बशीतलं चाखायला नको.

सभेच्या दिवशी मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. बराच वेळ कुणी हललं नाही. मग मावशी उठली, जाड पेनाने 'होया' लिहिलं आणि भिंतीच्या मधोमध चिठ्ठी लावली. तिच्यामागून शिक्षिका उठल्या, मग अध्यक्ष, मग कारखानदार. कुणी होया लिहिलं, कुणी गोठवायची यंत्रं, कुणी समुद्री शेवाळ. आमच्या ऑफिसातले लोक एकमेकांकडे बघत राहिले. उघड विरोध करायचा नाही ही तिथली रीत, आणि ती रीत आज आमच्या बाजूने होती.

शेवटी रिवाजाप्रमाणे काचो उठले. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. आधी लिहिलेली. 'वारा.' आणि होयाच्या शेजारी लावली.

नॉर्वेच्या बाईंनी विचारलं, "वाराच का? मसुद्यात लिहिलंय ते वाचलंय मी, आणि ते मला फार ओळखीचं वाटलं. तुम्हाला स्वतःला का वाटतं?"

मी भाषांतर केलं. मला वाटलं, आता श्वास आत ओढतील. नाही ओढला.

"माझं गाव याच किनाऱ्यावर होतं," काचो म्हणाले. "आई होया साफ करायची. तिला समुद्राने नेलं. वारा माणसं नेत नाही."

हे वाक्य इंग्रजीत सांगायचं काम माझं होतं. ते सांगताना इतक्या दिवसांचा राग कुठे ठेवावा तेच कळेना. पण राग गेला नव्हता. त्यांचं दुःख खरं होतं आणि एप्रिलचं कुलूपही खरंच होतं.

तेवढ्यात मावशी बसल्या जागेवरून बोलली. आवाज न चढवता, शेजारणीशी बोलावं तसं.

"माझाही नवरा नेला त्याने. म्हणूनच मी त्याच्याकडून रोज काहीतरी वसूल करते. तुम्ही वाऱ्याकडून काय वसूल करणार?"

त्याचंही भाषांतर मी केलं. एक शब्द गाळला नाही.

अंतिम आराखडा आला तेव्हा त्यात तीनऐवजी चार बलस्थानं होती. चौथ्यात होया होता, आणि त्याच्या प्रयोगांची जागा म्हणून त्या स्वयंपाकघराचं नाव होतं. ते कुणी घातलं हे मला कुणी सांगितलं नाही; मीही विचारलं नाही. माझ्या करारासंबंधी मात्र वरून निरोप आला: "थोडं कठीण आहे." निरोप सांगताना काचो कमरेत वाकले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच वाकून राहिले. मी म्हटलं, "मला काही कठीण नाही. मी बसने जाईन." एप्रिलपासून मी स्वयंपाकघरातच कामाला लागले.

उन्हाळ्यात होयाचा हंगाम भरात असताना काचो आले. एकटे, टाय न लावता. दारात उभे राहून त्यांनी टेबलं बघितली, यंत्रं बघितली, मग बाकावर बसले. काही मागितलं नाही. मावशीने एक होया चिरला, बशीत ठेवला, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला.

त्यांनी बराच वेळ बशीला हात लावला नाही. मी पुढे होऊन बशी उचलणार होते, तर मावशीने मला मनगटाला धरून मागे ओढलं.

"खा," ती त्यांना म्हणाली. "तुमचंही वसूल करून घ्या."

काचोंनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. मग पाणी प्यायले आणि ग्लास हातात तसाच धरून बसले. डोळे पुसले नाहीत, आम्हीही तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी बशी पुढे केली आणि म्हणाले, "अजून एक."