रोविरांचा कुळवृत्तांत

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये असा एकही मराठी माणूस नाही, ज्याला आमच्या शेजारच्या काकांनी त्याचं मूळ गाव विचारलेलं नाही. आणि असा तर मुळीच नाही, ज्याने दिलेलं उत्तर त्यांनी दुरुस्त केलेलं नाही. मी इथे राहायला आले त्या दिवशी ट्रकमधून सोफा उतरत होता, मी ऑगस्टच्या उन्हात घामाघूम होऊन दारात उभी होते, आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ डोक्यावर गोल्फची टोपी घालून ड्राइव्हवेवर आले. नमस्कार ना चमत्कार, एकदम "आडनाव काय?" मी सांगितलं. "हे सासरचं. माहेरचं?" तेही सांगितलं. "मूळचे कुठले?" मी म्हणाले, नागपूरचे. त्यावर काका असे हसले, जसं लहान मूल सूर्य समुद्रात विझतो म्हणाल्यावर आपण हसतो. "नागपूरला तुम्ही नंतर गेलात गं. त्याआधी वाईजवळ होतात," एवढं सांगून ते सोफावाल्यांना "लेफ्ट, लेफ्ट!" अशा सूचना देत माझ्याच घरात शिरले. संध्याकाळी बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "वाई बरोबर आहे. पण हे तुला कोणी सांगितलं?" त्या दिवसापासून मी काकांशी वाद घालणं सोडून दिलं. चिडवणं मात्र सोडलेलं नाही.

हा प्रश्न मराठी माणसांपुरता असता तरी चाललं असतं. पण काकांच्या लेखी पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस हा कुठल्या तरी गावाहून निघून चुकून इथे पोहोचलेला असतो, आणि त्याला त्या गावाची आठवण करून देणं हे त्यांचं कर्तव्य असतं. एकदा त्यांना फ्रीवेवर पोलिसाने थांबवलं. काकांनी लायसन्स देता देता त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि तो मूळचा पोलंडमधल्या कुठल्या भागातला याची चौकशी सुरू केली. काकू सांगतात, "दहा मिनिटं दोघं खिडकीतून गप्पा मारतायत, त्याच्या आजीचं गाव काय, आजोबांचा धंदा काय! मला वाटलं, सुटलो. निघताना त्याने हसत शेकहँड केलं आणि दंडाचं तिकीटही दिलं." काकांना तिकिटाचं काहीच वाटलं नाही. आजीच्या गावाचं स्पेलिंग त्यांनी त्याच तिकिटाच्या मागे लिहून घेतलं होतं.

काका चाळीस वर्षं तेल कंपन्यांसाठी पाइपलाइनींची ड्रॉइंग करायचे. निवृत्त झाल्यावर बाकीचे काका लोक गोल्फ आणि क्रूझकडे वळले, हे वळले स्वतःच्या कुळाकडे. कुळातल्या सगळ्या पिढ्यांची नावं, शिक्षणं, नोकऱ्या आणि लग्नं छापलेला त्यांचा कुळवृत्तांत आहे, उशाला घेतला तर मान धरेल एवढा जाड. अमेरिकेतल्या शाखांची सगळी माहिती त्यात काकांनी जमवली आहे. त्यांची एकुलती एक मुलगी जुई हिचीही नोंद आहे. जन्म ह्यूस्टनचा, शिक्षण अमुक, पती मार्क रोविरा. आणि तिथे जुई संपते, कारण मुलींची नोंद लग्नापर्यंतच करायची, त्यांची मुलं त्यांच्या सासरच्या कुळवृत्तांतात जातील, असा नियम आहे.

जुईला मुलगी झाली, नीला. काकांनी बारशाच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याला संपादक समितीला फोन लावला, की पुढच्या आवृत्तीत नातीचं नाव घाला. समितीतले आजोबा अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "अहो, पण हा नियम तुम्हीच तर टाइप करून पाठवला होतात! त्या वेळी तुम्ही म्हणालात, नाहीतर ग्रंथ आवरणार नाही." काकांनी फोन ठेवला. मग काकूंना म्हणाले, "म्हणजे आपल्या नीलाला पान नाही." काकू म्हणाल्या, "तिला अजून दात नाहीत. पानाचं काय घेऊन बसलात?" पण काकांच्या मनाला ते लागलं ते लागलंच. नियमाप्रमाणे नीलाची नोंद रोविरांच्या कुळवृत्तांतात व्हायला हवी होती. आणि रोविरांचा कुळवृत्तांत नव्हता. तेव्हा तो काकांनी लिहायला घेतला.

त्यानंतरची चार वर्षं आमच्या गल्लीने जे सोसलं ते आम्हालाच माहीत. रोविरा हे कॅटलान आडनाव, बार्सिलोनाच्या बाजूचं, आणि त्याचा संबंध ओकच्या झाडांच्या राईशी आहे, हा शोध लागला त्या सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. "अगं, राईकर! हे लोक म्हणजे आपल्याकडचे राईकरच!" पुढे रोज त्याच वेळी फोन, आणि रोज कोणी ना कोणी सापडायला लागलं. एक बिशप सापडला. एक गोलकीपर सापडला. पियानो वाजवणारी एक बाई, एका झुडपाला नाव देणारा एक वैद्य, बुद्धिबळातला कुणी, कठपुतळ्या करणारा कुणी. जगात कुठेही रोविरा नावाच्या माणसाने काही नाव काढलं की काका त्याला "आमचे व्याही" म्हणत. गोलकीपरची एक जुनी मॅच त्यांनी शोधून काढून बघितली आणि त्याने शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, काका, ही मॅच होऊन चाळीस वर्षं झाली. "म्हणून काय झालं? घरचा माणूस आहे!" उलट पियानोवालीची रेकॉर्ड लावून ते असे बसायचे, जसा काही तिला पहिला धडा त्यांनीच दिला होता.

एकाच आडनावाची माणसं म्हणजे एकच कुळ, कुठे तरी मागे एक मूळपुरुष असणारच, ही काकांची पक्की समजूत. आपल्याकडेसुद्धा हे दर वेळी खरं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना सांगणार कोण? शिवाय त्यांचा वंशवृक्ष हा वृक्ष नव्हताच. चाळीस वर्षांची सवय! त्यांनी पाइपलाइनचं ड्रॉइंग काढलं होतं. वरून बार्सिलोनाहून मुख्य लाइन निघायची, तिला फाटे फुटायचे, पुरावा मिळाला नाही तिथे बंद व्हॉल्व्ह, नुसता संशय असेल तिथे तुटक रेघ. बिशप ब्रह्मचारी, म्हणून त्याच्या खाली त्यांनी झाकण लावून टाकलं होतं. आणि आठ फूट कागद उतरून अगदी खाली टेक्सासमध्ये एक छोटा नळ, त्याच्याखाली लाल शाईत 'नीला'.

मार्क हा अतिशय शांत प्राणी आहे. शाळेत विज्ञान शिकवतो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं सासरे-जावयांचं बोलणं "हाऊ इज द ट्रॅफिक?" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. आता काका रोज त्याला फोन करू लागले. "मार्क, गुड न्यूज! वुई हॅव अ चेस प्लेयर!" तो म्हणायचा, "वॉव, बाबा. दॅट्स ग्रेट." एवढंच. पणजोबांचं नाव काय, असं काकांनी विचारलं की तो म्हणायचा, डॅडना विचारावं लागेल. आणि ते विचारणं काही व्हायचं नाही. काका म्हणायचे, "जावई लाजाळू आहे."

नीलाच्या चौथ्या वाढदिवसाला मार्कचे वडील फ्लोरिडाहून आले. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, रुंद हात, मोजकं बोलणं. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, क्लबहाउसमध्ये पार्टी होती. एकीकडे केक, एकीकडे काकूंचे बटाटेवडे, आणि मधल्या भिंतीवर काकांनी आठ फुटी ड्रॉइंग टांगलं. आज फक्त एक जोड बाकी होता. मार्कच्या पणजोबांची जागा मोकळी होती, तिथे नाव पडलं की पाणी थेट खालपर्यंत येणार होतं. काका हातात मार्कर घेऊन उभे होते, आणि खरं सांगते, इतकी वर्षं चेष्टा करणारी मीही गर्दीतून पुढे सरकले होते.

व्याह्यांनी चष्मा लावून सगळं ड्रॉइंग वाचलं. गोलकीपरपाशी जरा थांबले. मग वळून हळू आवाजात म्हणाले, की हे फार सुंदर आहे, पण यातलं आमचं कोणी नाही. त्यांचे वडील सहा-सात वर्षांचे असताना बार्सिलोनाच्या बंदराजवळ एकटेच सापडले होते. आईबाप कोण, गाव कोणतं, काही माहीत नाही. तिथल्या एका पाववाल्याने त्यांना घरी नेलं, आणि शाळेत घालताना फॉर्मवर स्वतःचं आडनाव लिहिलं. रोविरा. "दॅट्स ऑल द फॅमिली आय नो," ते म्हणाले. मुलं केकभोवती ओरडत होती.

काकांनी मार्करला टोपण लावलं. मार्ककडे बघून विचारलं, "यू न्यू?" मार्क लालबुंद झाला होता. "यस, बाबा. बट यू वर सो हॅपी. अँड यू वर कॉलिंग मी एव्हरी डे." मग पुढे म्हणाला, "आय लाइक्ड इट." काकांनी मान हलवली, ड्रॉइंग उतरवलं, गुंडाळलं आणि सगळ्यांना वडे वाढायला लागले. माझ्या ताटात त्यांनी तीनदा वडा वाढला, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नंतर तीन दिवस फोन नाही. साडेसहाला माझे डोळे आपोआप उघडायचे आणि घर शांत. मला कधी वाटलं नव्हतं की त्या फोनवाचून मला करमणार नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी इडल्या घेऊन गेले. काका डायनिंग टेबलाशी डोकं धरून बसले होते. "माझ्या हावरटपणाने मी त्या माणसाला चारचौघांत बोलायला लावलं गं," ते म्हणाले. "आणि पोरीला पान ते नाहीच." काकू ओट्याशी फोडणी करत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "तुमच्या त्या ग्रंथात दत्तक घेतलेल्यांची नावं नाहीत का?"

काकांनी डोकं वर केलं.

"आहेत ना?" काकू म्हणाल्या. "मग पाववाल्याने पोराला घरी नेलं, जेवायला घातलं, शाळेत नाव लावलं. अजून काय करतात दत्तक घेताना?"

मी त्या माणसाला खुर्चीतून इतक्या वेगाने उठताना कधीच पाहिलं नव्हतं. "दत्तक!" काका ओरडले. "अगं, दत्तकाला पूर्ण हक्क असतो! दत्तक आला की तो त्या कुळाचाच!" इडल्या तशाच ठेवून त्यांनी फ्लोरिडाला फोन लावला, स्पीकरवर. दत्तक म्हणजे काय, आमच्या पुस्तकांत त्याची कशी नोंद होते, हे सगळं त्यांनी एका श्वासात इंग्रजीत सांगितलं, आणि बिशपचं, गोलकीपरचं आपण नंतर बघू, पण पाववाल्याला वर घालून खाली तुमच्या वडिलांना जोडू का, अशी परवानगी मागितली. मग व्याही म्हणाले, पाववाल्याच्या बायकोचंही नाव लिहाल का? तिचं नाव मॉन्सेरात होतं. वडील शेवटपर्यंत तिचीच आठवण काढत असत. काका पेन आणायला आत धावले, तेव्हा फोनमध्ये "यस" काकूच म्हणाल्या.

रोविरांचा कुळवृत्तांत आता एका पानाचा आहे. पाववाला, मॉन्सेरात, दत्तक मुलगा, बोटीवाले आजोबा, मार्क आणि नीला. मी तो बघून निघाले तर काका म्हणाले, थांब. त्यांनी स्वतःच्या कुळाचा जाड ग्रंथ आणला, जुईचं पान उघडलं आणि मला म्हणाले, कोपरा दाबून धर. जुईच्या नावाखाली बोटभरही जागा नव्हती, लगेच पुढचा चुलतभाऊ सुरू होत होता. तेवढ्या जागेत त्यांनी ड्रॉइंगवरच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: कन्या नीला. गुळगुळीत कागदावर शाई वाळेना, म्हणून ते कितीतरी वेळ त्यावर फुंकर घालत राहिले. "समितीला पत्र पाठवतोय," ते म्हणाले. "नियम मी केला होता, मीच चुकलो असं लिहिलंय. ते बदलतील न बदलतील."

मग माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाले, "तुझ्या माहेरचाही असेल ना? घेऊन ये. तुझ्या दोघी मुलींना तुझ्याखाली लिहून टाकू, शाई आहे तोवर."

आमचा ग्रंथ नागपूरला भावाकडे आहे. अमेरिकेला निघताना बाबांनी तो माझ्या बॅगेत ठेवला होता, आणि वजन जास्त होतंय म्हणून मीच तो काढला होता. काका पेन उघडून वाट बघत होते. मी कोणत्या पानावर आहे, हेसुद्धा मला आठवेना.